पलीकडच्या काठावरचं गाव

डान्यूबच्या काठावर माशाचं कालवण रांधणाऱ्या माणसाकडे बघत बसलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्याच्या हातात डाव नसतो. लोखंडी तिवईला साखळीनं हंडी टांगलेली, खाली लाकडांचा जाळ. हंडीत भरपूर चिरलेला कांदा, नदीतल्या कार्प माशाचे जाड तुकडे, जमलं तर थोडा कॅटफिश, आणि वर तांबड्या पाप्रिकाची पूड, रस्सा शेंदरी होईपर्यंत. पण ढवळायचं नाही. ढवळलं की मासा मोडतो. म्हणून तो माणूस हंडीचं कडं धरतो आणि अख्खी हंडीच हलकेच फिरवतो, थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे. असं तासभर. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

या कालवणाला इथे ‘आलास्का चोर्बा’ म्हणतात. त्याचा अमेरिकेतल्या अलास्काशी काही संबंध नाही. ‘आलास’ म्हणजे नदीवरचा कोळी, आणि हा शब्द हंगेरियन भाषेतून आलेला. ‘चोर्बा’ तुर्कांनी आणला. तुर्कांनी तो फारसीतून घेतला होता, आणि त्याच फारसीतून आपल्याकडे शोरबा आला. हंगेरियन कोळी, तुर्की रस्सा आणि रांधणारा सर्ब. नोवी साद या शहराची ओळख करून घ्यायला मला या हंडीहून चांगली जागा सापडलेली नाही.

सर्बियाच्या उत्तरेला वोयवोदिना नावाचा सपाट, काळ्या मातीचा प्रांत आहे. नोवी साद ही त्याची राजधानी, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. आजूबाजूची गावं धरून लोकसंख्या साडेतीन लाखांच्या वर. डान्यूबला इथले लोक ‘दुनाव’ म्हणतात. डाव्या काठावर शहर, उजव्या काठावर खडकाच्या टेकाडावर पेत्रोवारादिनचा किल्ला, मध्ये नदी. शहराच्या घाटावर कुठेही उभं राहिलं तरी समोर किल्ला असतोच.

किल्ल्याच्या बुरुजावर एक पांढरा मनोरा आहे आणि त्यावर मोठं घड्याळ. त्याचे काटे उलटे आहेत. मोठा काटा तास दाखवतो, छोटा मिनिटं. मोठा काटा चारावर आणि छोटा बारावर असेल तर आपण सवयीनं बारा वाजून वीस मिनिटं वाचतो. प्रत्यक्षात बरोबर चार वाजलेले असतात. कारण साधं आहे. घड्याळ नदीतल्या माणसांसाठी आहे. होडीतल्या कोळ्याला लांबून, धुक्यातून निदान तास तरी दिसावा. मिनिटांशी त्याला काय देणंघेणं? थंडीत हे घड्याळ मागे पडतं, उन्हाळ्यात पुढे पळतं, म्हणून लोक त्याला लाडानं ‘दारुड्या घड्याळ’ म्हणतात. ज्यांच्या खिडकीतून ते दिसायचं त्यांच्याकडून पूर्वी कर घेत, असंही सांगतात.

हे घड्याळ मला फार आवडतं, पण ते ज्या किल्ल्यावर आहे त्याच्याशी या शहराचं नातं सरळ नाही. शहर वसलं तेच मुळी किल्ल्यात जागा न मिळालेल्या माणसांचं.

सतराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सम्राटांनी तुर्कांना दक्षिणेकडे रेटलं आणि 1692 पासून पेत्रोवारादिनला नवा किल्ला बांधायला घेतला. बांधकाम 1780 पर्यंत चाललं. तीन पिढ्या खपल्या. टेकडीच्या पोटात चार मजले भुयारं खोदली, एकूण लांबी 16 किलोमीटर. मधल्या काळात 5 ऑगस्ट 1716 ला किल्ल्याच्या परिसरातच मोठी लढाई झाली. ऑस्ट्रियाकडून सॅव्हॉयचा प्रिन्स यूजिन होता. तुर्कांचा वजीर दामाद अली पाशा त्या लढाईत मारला गेला. पण किल्ला बांधून पुरा झाला तेव्हा ज्यांच्या भीतीनं तो बांधला, ते तुर्क पुन्हा इथवर आलेच नाहीत.

किल्ल्यात राहायची मुभा कॅथलिकांना होती, ऑर्थोडॉक्स पंथाच्या सर्बांना नव्हती. म्हणून 1694 च्या सुमारास सर्ब कारागीर, व्यापारी आणि शिपाई समोरच्या दलदलीच्या काठावर घरं बांधून राहू लागले. वस्तीला धड नावही नव्हतं. ‘पेत्रोवारादिनचा खंदक’ म्हणत. किल्ल्याला भाजी, धान्य, कातडं, मासे लागत. ते या काठावरून जात. पुढे 1739 च्या तहात ऑस्ट्रियानं बेलग्रेड पुन्हा तुर्कांच्या हवाली केलं, आणि तिथले सुखवस्तू व्यापारी पैसाअडका घेऊन इथे आले. दलदलीतली वस्ती एकदम सधन झाली. आपला कारभार लष्कराच्या हाती नको, आपला आपण करावा, असं या व्यापाऱ्यांना वाटू लागलं. त्यांनी व्हिएन्नाच्या दरबारी खेटे घातले, भरभक्कम रक्कम मोजली, आणि 1 फेब्रुवारी 1748 ला महाराणी मारिया तेरेसाकडून ‘मुक्त राजनगर’ असा दर्जा मिळवला.

त्या सनदेतला नावाचा भाग मला विलक्षण वाटतो. शहराला लॅटिनमध्ये नाव दिलं नेओप्लांटा, आणि प्रत्येक समाजानं ते आपापल्या भाषेत म्हणावं अशी सोय केली. हंगेरियनांचं उयविदेक, जर्मनांचं नॉयझात्स, सर्बांचं नोवी साद. ‘साद’ म्हणजे लावलेलं रोप, कलम. नोवी साद म्हणजे नवी लावणी. एकाच गावाला पहिल्या दिवसापासून चार नावं, आणि चारही कायदेशीर. आजही प्रांताच्या कारभारात सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुसिन अशा सहा भाषा चालतात. रुसिन बोलणारे काही हजारच उरलेत, तरी त्यांना शाळा आहे, रेडिओ आहे. मोठ्या भाषांच्या गर्दीत लहान भाषा जगवायची तर काय करावं लागतं, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी इथे यावं.

लावणी म्हटलं की कुणी तरी ती तुडवणारच. 12 जून 1849 ला किल्ल्याच्या तोफांनी समोरच्या शहराचीच राख केली. तेव्हा हंगेरीचं व्हिएन्नाविरुद्ध बंड चालू होतं आणि किल्ला हंगेरियन फौजेच्या हाती होता. सम्राटाच्या बाजूचा सेनापती योसिप येलाचिच शहरात घुसला. तो स्वतः पेत्रोवारादिनच्याच मातीत जन्मलेला. त्याला हुसकायला किल्ल्यानं मारा सुरू केला. शहरातल्या 2,800 घरांपैकी जेमतेम 800 उभी राहिली. वस्ती निम्म्याहूनही कमी झाली. आजच्या मध्यवर्ती भागात दुनावस्का रस्त्यावरून चालताना जी देखणी पिवळी-गुलाबी घरं दिसतात त्यातली बहुतेक त्या आगीनंतरची. नगरपालिकेची वास्तू 1895 ची. तिच्यासमोर गोथिक शिखराचं कॅथलिक चर्च आहे, त्याच सुमाराचं. ऑर्थोडॉक्स चर्च तिथून हाकेच्या अंतरावर. मागच्या बाजूला ज्यूंची गल्ली, त्यात 1909 सालचं भव्य सिनेगॉग.

याच राखेतून उभ्या राहिलेल्या शहराला ‘सर्बांचं अथेन्स’ म्हणू लागले. हाब्सबुर्ग मुलखातल्या सर्बांना तेव्हा स्वतःचं राज्य नव्हतं, म्हणून त्यांनी पुस्तकं काढली आणि नाटकं उभी केली. 1861 साली ‘सर्ब राष्ट्रीय नाट्यगृह’ सुरू झालं. 1864 साली ‘मातित्सा सर्पस्का’ ही साहित्य-संस्कृतीची संस्था बुडापेस्टच्या पेश्तहून इथे हलली. ती स्थापन झाली होती 1826 साली. मातित्सा म्हणजे पोळ्यातली राणीमाशी. तिच्याभोवती सगळं मोहोळ जमतं, म्हणून हे नाव. पुढे तिचं झालेलं नियतकालिक ‘लेतोपिस’ तर तिच्याही आधी, 1824 साली सुरू झालं, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्या आठ वर्षं आधी. ते अजून निघतं. साम्राज्यं बुडाली, दोन महायुद्धं झाली, युगोस्लाव्हिया नावाचा देश जन्मला आणि विरघळला. लेतोपिसचा अंक निघतोच आहे. दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसाला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

किसाच्का रस्त्यावर 20 क्रमांकाचं एक साधं, बैठं घर आहे. ते मिलेवा मारिचच्या वडिलांचं. तितेल नावाच्या जवळच्या गावात 1875 साली जन्मलेली ही मुलगी नोवी सादच्या शाळेत शिकली, पुढे झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्र शिकायला गेली आणि वर्गातल्या आल्बर्ट आइन्स्टाइनशी लग्न करून बसली. आइन्स्टाइन या घरी येऊन राहिला आहे. 1913 साली त्यांच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा इथल्याच छोट्या निकोलायेव्स्का चर्चमध्ये झाला. मिलेवाचा सापेक्षतेच्या सिद्धांतात किती वाटा होता यावर अजून वाद घालतात. मला त्या वादापेक्षा ते घर महत्त्वाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुलीला गणित शिकायला परदेशी पाठवणारा बाप ज्या गावात राहत होता, त्या गावाची हवा काय असेल, याचा अंदाज त्या घरावरून येतो.

25 नोव्हेंबर 1918 ला इथे भरलेल्या सभेनं वोयवोदिना सर्बियाच्या राज्यात सामील झाल्याचं जाहीर केलं. हाब्सबुर्ग संपले. वीसेक वर्षं बरी गेली.

आता जे लिहायचं ते सोपं नाही. एप्रिल 1941 मध्ये जर्मनीनं युगोस्लाव्हिया मोडला आणि हा भाग हिटलरच्या गोटातल्या हंगेरीकडे गेला. पुढच्या हिवाळ्यात, 21 ते 23 जानेवारी 1942 या तीन दिवसांत, हंगेरियन सैन्यानं आणि पोलिसांनी शहराच्या नाड्या आवळल्या. बंडखोर शोधायच्या नावाखाली घरोघर झडत्या. थंडी अशी की डान्यूब गोठलेली. ज्यूंना आणि सर्बांना ट्रकमध्ये घालून ‘श्त्रांद’वर नेलं. श्त्रांद म्हणजे शहराची नदीकाठची चौपाटी. 1911 पासून लोक तिथे उन्हाळ्यात वाळूवर पडतात, पोहतात, मुलांना घेऊन जातात. तिथेच बर्फात भोकं पाडली होती. लोकांचे कपडे उतरवले, गोळ्या घातल्या आणि प्रेतं बर्फाखाली ढकलली. एकट्या नोवी सादमध्ये बाराशेच्या वर माणसं गेली. आसपासची खेडी धरली तर तीन हजारांहून जास्त. त्यात म्हातारी होती, तान्ही होती.

डानिलो किश हा विसाव्या शतकातला मोठा सर्बियन लेखक. तो तेव्हा सहा वर्षांचा, आणि कुटुंब नोवी सादमध्ये राहत होतं. त्याच्या ज्यू वडिलांनाही रांगेत उभं केलं होतं. बर्फातलं भोक प्रेतांनी बुजलं म्हणून ते त्या दिवशी वाचले. दोन वर्षांनी, 1944 साली, त्यांना आउश्वित्झला नेलं, तिथून ते परतले नाहीत. किशनं आयुष्यभर त्या बापालाच शोधत लिहिलं. त्याच शहरातल्या अलेक्सांदर तिश्माची कादंबरी ‘क्नीगा ओ ब्लामु’ 1972 साली आली. तिचा नायक या कत्तलीतून वाचलेला ज्यू आहे, जो त्याच रस्त्यांवरून रोज चालतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर त्याला गेलेली माणसं दिसतात. 1944 च्या वसंतात उरलेल्या ज्यूंना डांबलं ते त्यांच्याच सिनेगॉगमध्ये, आणि तिथून गाड्या भरल्या. युद्धाआधी शहरात चार हजारांच्या आसपास ज्यू होते, वाचले हजारेक. सिनेगॉगमध्ये आता गाण्याच्या मैफली होतात, कारण तिथला आवाज फार सुंदर घुमतो.

घाटावर योवान सोल्दातोविचचं ब्राँझचं शिल्प आहे, ‘कुटुंब’. 1971 साली बसवलेलं. उंच, काटकुळी, हाडांवर नुसती कातडी असावी तशी माणसं, एकमेकांना लगटून उभी. त्यांच्या पायाशी नावं कोरलेल्या पाट्या आहेत. मी तिथे उभी होते तेव्हा समोर संथ पाणी होतं, काठानं सायकली जात होत्या आणि पलीकडे घड्याळाचा मोठा काटा पाचावर येत होता. दर 23 जानेवारीला इथे ज्यू धर्मगुरू आणि ऑर्थोडॉक्स पाद्री दोघंही प्रार्थना म्हणतात आणि नदीत पुष्पचक्रं सोडतात.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण 1944 च्या शरदात टिटोचे कम्युनिस्ट पार्टिझान आले आणि नोवी सादभोवतालच्या बाच्का भागातल्या हंगेरियनांवर सूड उगवला गेला. हजारो निरपराध मारले गेले. दोन-अडीचशे वर्षं इथे शेती करणारे जर्मन छावण्यांत गेले, देशोधडीला लागले. याबद्दल युगोस्लाव्हियात बोलायची सोयच नव्हती. 2013 साली सर्बियाच्या संसदेनं या हत्यांचा निषेध केला आणि हंगेरीचे अध्यक्ष यानोश आदेर यांनी बेलग्रेडच्या संसदेत उभं राहून 1942 साठी क्षमा मागितली. सत्तर वर्षं लागली. पण दोघांनी मागची खाती उघडी केली, याचं मला अप्रूप वाटतं.

समाजवादी काळातलं नोवी साद माझ्या पिढीच्या बुद्धिबळवेड्यांना 1990 च्या ऑलिंपियाडमुळे माहीत आहे. महिलांचं सुवर्णपदक तेव्हा हंगेरीच्या पोल्गार बहिणींनी नेलं. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हिया फुटू लागला.

या शहराचं आयुष्य पुलांवर चालतं. काठ दोन, कुणाचं घर एकीकडे, काम दुसरीकडे. आणि प्रत्येक युद्धात आधी पूल गेले. एप्रिल 1941 मध्ये माघार घेणाऱ्या युगोस्लाव्ह सैन्यानंच ते उडवले. 1999 च्या वसंतात, दक्षिणेकडच्या कोसोवो प्रांतावरून झालेल्या युद्धात, नाटोच्या विमानांनी 78 दिवस सर्बियावर बाँब टाकले, तेव्हा नोवी सादचे तिन्ही पूल एका महिन्यात पडले. 1 एप्रिलच्या पहाटे वारादिनचा पूल. 3 एप्रिलच्या संध्याकाळी ‘स्लोबोदा’, म्हणजे स्वातंत्र्याचा पूल. निकोला हायदिननं आखलेला हा पूल 1981 चा, पोलादी तारांवर तोललेला. मधला गाळा 351 मीटरचा. तिसरा ब्रांको झेझेल्यचा काँक्रीटच्या दोन कमानींचा पूल, 1961 चा, त्यावरून रेल्वेही जायची. तो एका हल्ल्यात पडेना. विमानं पुन्हा पुन्हा आली, आणि 26 एप्रिलला तो कोसळला.

जे शहर कोसोवोपासून इतकं लांब, ज्यानं 1996 च्या निवडणुकीत सर्बियाचा तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्या विरोधकांना निवडून दिलं होतं, त्याचे पूल का पाडले, हा प्रश्न तिथली माणसं अजून विचारतात. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. पुलाखालून नळ गेले होते. ते तुटले तसं पेत्रोवारादिनचं पाणी गेलं. नदी दारात, आणि नळाला थेंब नाही. तेलशुद्धीकरण कारखाना पुन्हा पुन्हा पेटला, काळा धूर शहरावर पसरला. माणसं तराफ्यांवरून पलीकडे जाऊ लागली, अठराव्या शतकात जावीत तशी. पडलेल्या पुलांच्या ढिगाऱ्यानं नदीतली जहाजंही अडली, आणि युरोपच्या इतक्या देशांतून वाहणाऱ्या डान्यूबवरची वाहतूक इथे येऊन थांबली. तरंगता तात्पुरता पूल टाकला होता, तो 2005 पर्यंत राहिला. जहाजांना वाट देण्यासाठी तो ठरावीक दिवशी मध्ये उघडायचे. त्याच वर्षी स्लोबोदा पुन्हा उभा राहिला. झेझेल्यच्या जागी नवा पूल यायला 2018 उजाडलं.

पूल अजून पडलेले होते तेव्हाच, 2000 च्या उन्हाळ्यात, विद्यापीठातल्या पोरांनी नदीकाठी शंभर दिवस गाणी, सिनेमे आणि भाषणं यांचा जागर घातला. नाव ठेवलं ‘एक्झिट’, बाहेरची वाट. 24 सप्टेंबरच्या निवडणुकीआधी तो संपवला, आणि त्या निवडणुकीनंतर मिलोशेविच गेला. पुढच्या वर्षी हा उत्सव नदी ओलांडून किल्ल्यावर गेला. ज्या किल्ल्यात त्यांच्या पूर्वजांना राहायला जागा नव्हती, तिथल्या खंदकांत जुलैच्या रात्री लाखो तरुण गाऊ लागले.

1 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. सकाळी 11 वाजून 52 मिनिटांनी नोवी सादच्या रेल्वे स्टेशनाच्या दर्शनी भागावरचं काँक्रीटचं छत खाली आलं. स्टेशन 1964 चं, पण बेलग्रेड-बुडापेस्ट मार्गाच्या कामात त्याची डागडुजी होऊन ते काही महिन्यांपूर्वीच उघडलेलं. त्या मार्गावर 2022 पासून बेलग्रेड ते नोवी साद ताशी 200 किलोमीटरनं गाडी धावू लागली होती. छताखाली बाकावर गाडीची वाट बघत बसलेली माणसं होती. चौदा जण त्याच दिवशी गेले, दोघं पुढे रुग्णालयात. सर्वांत लहान मूल सहा वर्षांचं.

लोक रस्त्यावर आले ते 11:52 ला, रोज. एका मृतामागे एक मिनिट मौन. आधी चौदा, मग पंधरा, मग सोळा मिनिटं. चौकांत गाड्या थांबायच्या, एंजिनं बंद. तांबड्या रंगात बुडवलेल्या पंजाचा ठसा ही आंदोलनाची खूण झाली: तुमचे हात रक्तानं माखलेत. मग विद्यार्थ्यांनी विद्यापीठं ताब्यात घेतली, वर्ग थांबवले, कागदपत्रं जाहीर करा म्हणाले. जानेवारी 2025 च्या शेवटी नोवी सादमध्ये विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा जाहीर केला. ते आधी याच शहराचे महापौर होते.

30 जानेवारीला बेलग्रेडचे विद्यार्थी नोवी सादला चालत निघाले. ऐंशीहून जास्त किलोमीटर, कडाक्याच्या थंडीत, दोन दिवस. वाटेवरच्या गावांत म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून उभ्या होत्या, घरची भाकरी, पातेलंभर रस्सा आणि गरम चहा घेऊन. पायांना फोड आलेली पोरं शहराच्या वेशीवर पोचली तेव्हा गाव रडत होतं. 1 फेब्रुवारीला, छत पडून तीन महिने झाले त्या दिवशी, त्यांनी तिन्ही पूल अडवले: वारादिनचा, झेझेल्यचा आणि स्लोबोदा. पूल अडवले म्हणजे त्यांवर बसले, शेकोट्या पेटवल्या, गाणी म्हटली. स्लोबोदावर ते चोवीस तासांहून जास्त राहिले. आणखी थांबायचं का, याचा निर्णय तिथेच पुलावर हात वर करून घेतला.

दुसऱ्या दिवशी पोरांना परत न्यायला बेलग्रेडहून टॅक्सीवाले आले, शेकडो, कुणीही न बोलावता, भाडं न घेता. पुलाच्या तोंडाशी टॅक्सींची रांग लागली होती, दारं उघडी. पोरं ब्लँकेटं गुंडाळून एकेक करत आत बसली, आणि पुलावर गाड्या पुन्हा सुरू झाल्या.